शालूबाईंची पेइंग गेस्ट

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
कबनूर, २१ जून १९९८

चि. शालूस, अ. उ. आ.

तू घरात पेइंग गेस्ट ठेवलीस आणि मला दीड महिन्याने कळवतेस! भाऊजींच्या माघारी तू एकटी, घरात दागिने. मला हे काही बरं दिसत नाही. ती मुलगी फोन कुणाला करते, कपाटाची किल्ली कुठे असते, सगळं लिही.

तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून मुद्दाम जाडा कोश काढला. गेस्ट आणि होस्ट हे दोन्ही शब्द एकाच जुन्या मुळातून आले. मूळ अर्थ, परका. त्याच मुळाच्या लॅटिन शब्दाचा अर्थ पुढे शत्रू झाला. त्या लोकांना अनुभव आला असणारच. सावध राहा.

तुझा, सोमशेखरअण्णा

राजारामपुरी, २८ जून

ती. अण्णांस, शि. सा. न. वि. वि.

शाळेत पोरांची दप्तरं तपासायचात, आता माझं कपाट! किल्ली दीक्षाकडेच असते, कारण मी ती कुठेही विसरते. तीही कॉलेजात इंग्रजीच शिकवते. तुमचं पत्र वाचून दाखवलं तर हसली. म्हणाली, सर अर्ध्यावर थांबले. येणारा आणि घरात घेणारा, दोघांनाही तेव्हा तो एकच शब्द होता, कारण आज याची पाळी तर उद्या त्याची.

एकदा येऊन बघा तरी. लोभ आहेच, थोडा भरवसाही ठेवा.

आपली, शालू

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
कबनूर, १२ जुलै

चि. शालूस, आ.

काल आलो होतो. तू बाजारात गेली होतीस. मुलीने खुर्ची दिली, चहा ठेवला. मी गाव विचारलं, मग आडनाव. तिने सरळ सांगितलं, आम्ही बौद्ध. मी चहा तसाच ठेवून उठलो.

हे तू लपवलंस. आणखी काय काय लपवलं आहेस? ती तिथे असेपर्यंत मी तुझ्याकडे पाणी पिणार नाही.

अण्णा

मु. गडहिंग्लज, २० जुलै

ती. अण्णांस, शि. सा. न.

होय, लपवलं. तुम्हाला ओळखते म्हणून.

दीक्षा त्याच संध्याकाळी गेली. टेबलावर किल्ली, आणि चिठ्ठीत माझ्या गोळ्यांच्या वेळा. मला फार लाज वाटली, आणि तुमचा संतापही आला. तिला परत न्यायला इथे तिच्या घरी आले. तिची आई, पारूबाई, दारात म्हणाल्या, पावणं कुठल्या गावचं? कबनूर माहेर म्हटल्यावर त्यांना सगळं कळलं असणार. पुढे काही न विचारता त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं. दीक्षा अजून माझ्याशी धड बोलत नाही. ती बोलेपर्यंत मी इथेच आहे.

पंचमी आठवड्यावर आली. दरवर्षी मला माहेरी न्यायला तुम्ही येता. यंदा या घरी या. जेवल्याशिवाय पारूबाई कुणाला सोडत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

आला नाहीत, तर मला माहेर उरलं नाही असं समजेन.

तुमची, शालू