नरडाण्याच्या बैठकीत काजलचं नाव

मंगळवार, संध्याकाळ. धुळे.

मूल गमावलेल्या आयांच्या गटाची नरडाण्यातली बैठक आज पहिल्यांदा मी एकटीने घेतली. मला समुपदेशन शिकवणाऱ्या मॅडम नुसत्या मागे बसल्या होत्या. लीलाअक्का नेहमीसारखी दाराशी, उठून जायच्या तयारीत. तिची दहावीतली पोर मागच्या वर्षी तापाने गेली. गटात ती आजवर कधी बोलली नव्हती.

आज बोलली. "घरमा तिनं नाव कोनीच लेत नही. बठ्ठा म्हनतस, इसरी जाय." सगळेच म्हणे विसरायला सांगतात.

मग सगळ्या गप्प. कसली ती शांतता! धीराचं वाक्य अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण मॅडम म्हणतात, शांतता आपल्यालाच सोसत नाही, म्हणून आपण बोलतो. गिळलं. शेवटी शेजारच्या सुमनबाईने विचारलं, "काय नाव व्हतं वं तिनं?"

"काजल."

मग अक्का रडत रडत काजलच्याच गोष्टी सांगत राहिली, मध्येच हसलीसुद्धा. मॅडम म्हणाल्या, छान झालं. झालं का?

सगळ्या गेल्या तरी अक्का पायरीवर बसून. म्हणाली, "ताई, आते घर जावानं मन व्हत नही."

यावर काय म्हणायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. मीही शेजारी बसले.

तिचा नवरा मोटारसायकलवर न्यायला आला. "काय चालू व्हतं इतला येळ?"

अक्काने डोळे पुसले, मागे बसली.

"काही नही," म्हणाली.