दादाच्या गिटारीचा दुसरा खांदा

ता. ४ मार्च

चि. माईस अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. आधी गुडघा, मग चष्मा फुटला, आणि मग तुझा फोटो आला तेव्हापासून तोच पाहत बसलो आहे. माई, दादाच्या गिटारीला करवत लावलीस?

आपला थोरला दादा गेल्यावर त्याच्या दोन इलेक्ट्रिक गिटारी आपण एकेक घेतल्या. माझी मी पेटीत ठेवली आहे, तिला वारंसुद्धा लागू देत नाही. तू जुन्या-नव्या गिटारी घरभर टांगतेस, एकीचा आवाज पकडणारा पिकअप काढून दुसरीला बसवतेस, मी कधी बोललो? पण ही दादाची! शेवटच्या पडद्यांपर्यंत बोटं जावीत म्हणून तिचा मानेलगतचा एक खांदा मुळातच कापलेला होता. तू दुसराही कापलास. आता ती शिंगं फुटल्यासारखी दिसते.

त्यात फोटोवाल्याने फोटो उलटा छापलाय. गिटारीची मान तुझ्या उजव्या हातात दिसते. त्याला चांगलं झाप.

लोभ आहेच, पण सध्या फुगून बसलेला आहे.

तुझा भाऊ


ता. १३ मार्च

ती. भाऊस शि. सा. न. वि. वि.

शिंगं वाचून पोट धरून हसले. फोटो मात्र सुलटाच आहे.

तू काळजीने जेवण टाकतोस, म्हणून कळवलं नव्हतं. थंडीत मला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारला, पण डाव्या हाताची बोटं तार दाबत नाहीत. उजवा हात धड, म्हणून अक्षर तेच राहिलं आणि तुला पत्ता लागला नाही. आता उजव्याने दाबते, डाव्याने छेडते. त्यासाठी गिटार उलटी धरून तारा उलट्या क्रमाने लावल्या, तर कापलेला खांदा वर गेला आणि अखंड खांदा बोटांच्या आड आला. मग सुताराला बोलावलं. आतून ताजं पिवळं लाकूड निघालं, खोलीभर वास सुटला.

दादाचीच का, म्हणशील. बाकीच्या नुसत्या भिंतीवर राहिल्या तरी चालतं. हिच्याशिवाय करमत नाही रे.

राग उतरला की लोभ पूर्वीसारखा कर.

तुझी माई


ता. १९ मार्च

चि. माईस आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या शिंप्याकडून पुन्हा वाचून घेतलं. वाटलं, मीच चुकीचं वाचतोय. तो म्हणाला, आजोबा, बरोबर वाचलंत, आता बसा.

थंडी कधीच सरली! इतके दिवस मी तुला गुडघ्याची रडगाणी लिहीत होतो आणि तू गुपचूप वाचून वर कोणतं तेल लावायचं ते कळवत होतीस. लबाड कुठली! आणि मी फोटोवाल्याला शिव्या देत बसलो.

पेटी उघडली. माझ्या गिटारीच्या तारा गंजून गेल्यात, इतकं जपून हे. तिला पार्सलने धाडतोय. तिचाही दुसरा खांदा उतरव. सुताराला सांग, भावाची हरकत नाही.

लगेच उत्तर धाड. पण तुझ्या सुबक अक्षरावर आता माझा विश्वास उरलेला नाही. डाव्या हाताने लिही, एकच ओळ. वाकडी आली तरी चालेल, मी लावून घेईन. पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलो आहे.

तुझा भाऊ