खिंडीतला जास्तीचा दगड

गुरुजी, उद्या पहाटेच्या एसटीने आम्ही निघतोय. सुरतेहून परतणारी महाराजांची फौज कुठून डोंगर ओलांडून आली ते तुम्ही शाळेत नकाशावर बोट फिरवून दाखवायचात, तीच चार दिवसांची वाट. तुमच्यानंतर पहिल्यांदाच. सातपूरच्या कारखान्यातले नऊजण आहेत, माझी मुलगी आहे, आणि पुढे चालायचं आहे मला. सामान भरून झालं आणि हा कागद घेऊन बसलोय.

तुम्ही आम्हा बारा जुन्या विद्यार्थ्यांना नेलंत तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो. तिसरा दिवस. आश्विन लागला तरी पाऊस सरला नव्हता. आमच्यातला पोस्टातला कारकून सारखा मागे पडत होता. "गुरुजी, फौजेचे पाय दुखत नसतील का वो?" "दुखत असतील. पण ते बोलत नव्हते." सगळे हसले, तोही हसला. मग चढावर धुकं असं उतरलं की पुढच्याची पाठ दिसेना.

खिंडीतल्या देवीपुढे येणाऱ्याजाणाऱ्याने एक दगड ठेवायचा, ही तिथली रीत. तुम्ही त्यावरच माणसं मोजायचात. देवीच्या शेंदरी तांदळ्यापुढची जागा हाताने झाडायची, एकेकाने दगड ठेवून पलीकडे उतरायचं, बारा भरले की तुम्ही सगळ्यांच्या मागून निघायचं. त्या दिवशी धुक्यात, तुमच्या नकळत, मी दोन ठेवले. घरी हिचे दिवस भरत आले होते आणि आधीची दोन मुलं जन्मताच गेली होती. दुसरा दगड पोटातल्या जिवासाठी होता. तुमच्या मोजणीचा विचार मनाला शिवलाही नाही.

खाली ओढ्यावर भाकरी सोडल्या तेव्हा कारकून नाही. "बारा होते. मी मोजले," तुम्ही म्हणता. मी हातातली भाकरी फडक्यात परत बांधतो. परत वर चढताना मी सगळ्यांत मोठ्याने हाका मारत होतो, म्हणजे दुसरं काही बोलावं लागू नये. तो खिंडीत पोचण्याआधीच वाट चुकला होता, कड्याच्या धारेवर सापडला. पाय मुरगळलेला, दोन्ही मुठींत गवत. वीतभर पुढे खाली काहीच नव्हतं. "माझा दगड ठेवायचा राहिला, गुरुजी," एवढंच तो म्हणाला. तुम्ही स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिलात. "मोजणी चुकायला लागली माझी."

गावी आल्यावर तुम्ही गळ्यातली शिट्टी काढून मला दिलीत आणि पुन्हा डोंगर चढला नाहीत. दोन वर्षांत गेलात. तोवर कितीदा तरी मी तुमच्या ओट्यापर्यंत आलो आणि पावसापाण्याचं बोलून परतलो. मुलगी झाली होती, जगली होती. तो दगड ठेवायला नको होता, असं देवीपुढे मला आजही म्हणवत नाही, आणि मला सगळ्यांत जास्त भीती त्याचीच वाटते. उद्या तीच मुलगी त्या धारेजवळून माझ्यामागे चालणार आहे.

हा कागद शिट्टीबरोबर पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवतो. खिंडीत कोणी दगड ठेवायचा नाही, मी एकेकाचा हात धरून मोजीन, असं सगळ्यांना बजावलंय. "पण अण्णा, तिथली रीत आहे ना?" मुलीने विचारलं.

धुक्यात दगड नीट दिसत नाहीत, असं मी तिला सांगितलं.