अर्धी मळी

१२ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मुरघासाच्या खड्ड्यावरचा प्लास्टिकचा कागद अर्धा ओढला आणि मध्येच हात धुऊन लिहायला बसले आहे. आत मुरवलेला तुतीचा पाला पिवळसर, आंबूस वासाचा निघेल असं तू म्हणाला होतास. निघाला तो काळा, चिकट, कुजका. परवा एका कडेचा थोडा शेळ्यांना घातला होता. पांढरी शेळी गाभडली, पोटातलं पिल्लू गेलं.

दूध संघाच्या बायका आल्या होत्या. हे जनावरांसाठी की नवऱ्यांसाठी, असं एकीने नाक धरून विचारलं. सगळ्या हसल्या, मीही हसले. त्यांचे चार खड्डे माझ्या देखरेखीखाली भरायचे होते. ते काम संघाने माझ्याकडून काढून घेतलं.

तुझ्या प्रयोगशाळेतलं, पाला आंबवणाऱ्या जंतूंचं औषध शिंपडलं. बाटली आहे तर उसाची मळी अर्धी पुरे म्हणालास, म्हणून अर्धीच घातली. माझं काय चुकलं?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
मुंगी

१७ ऑक्टोबर

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

शेळीचं वाचून वाईट वाटलं. उरलेला पाला पुरून टाक. तो नीट तुडवला गेला नसणार. आत हवा राहिली की सगळं नासतं. तुझं वजन ते केवढं! पुढच्या वेळी खड्ड्यावर भाऊजींना नाचव. संघालाही तसंच सांग, म्हणजे विषय मिटेल.

आहे तशीच राहा.
दादा

२३ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

संघात जाऊन सांगितलं, तुडवण्यात कसूर झाली. तिथल्या अध्यक्ष बाईंनी लिहून घेतलं. तेव्हापासून तीन दिवस हे माझ्यावर रागावून आहेत. खड्डा ह्यांनीच तुडवला होता, ट्रॅक्टरने.

बाटली धुऊन ठेवली आहे. तळाशी थोडं उरलं होतं.

मुंगी

३० ऑक्टोबर

चि. मुंगीस,

तुला पाठवण्याआधी ती बाटली दोन दिवस माझ्या गाडीत राहिली होती, उन्हात. सोमवारी हातात घेतली तर चहाच्या कपासारखी गरम. जंतू मेले हे मला तेव्हाच कळलं. बाटलीवर ‘थंड जागी ठेवा’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. दुसरी मागायची तर साहेबांना कारण सांगावं लागलं असतं. निदान मळी पूर्ण घाल, एवढं तरी तुला कळवता आलं असतं. पण तूही कारण विचारलं असतंस.

भाऊजींकडे मान वर करून बघता येईल असं वाटत नाही. जमलं तर क्षमा कर.

दादा

४ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पहिलं उत्तर येण्याआधीच मला कळलं होतं. तळाशी उरलेलं औषध कोमट दुधात घालून ठेवलं, शेजारच्या वाटीत रोजचं विरजण. सकाळी विरजणाचं दही लागलं. तुझी वाटी पाण्यासारखी हलत होती.

मी संघात मान खाली घातली हे वाचून तरी बोलशील असं वाटलं. बोललास, पण माझ्याशी. तुझ्या पत्राचा पत्ता चुकला आहे. संघाचा पत्ता खाली देते.

माया आहे. म्हणूनच लिहिते.
मुंगी

हे पत्र दादाच्या हाती संध्याकाळी पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने संघाला लिहिलेलं पत्र टपालात टाकलं आणि त्याची नक्कल साहेबांच्या टेबलावर ठेवली.