दादाच्या हाताला चावले

सोमवार, संध्याकाळ

आज मी दादाच्या हाताला चावले. रक्त येईपर्यंत.

बी.ए.चा शेवटचा पेपर मोबाइलवर सुरू होता. घरात मोबाइल एकच. रिसोडच्या व्यापाऱ्याला फोन लावायचा म्हणून दादाने तो ओढला.

"दादा, परीक्षा सुरू आहे माही!"

"घरी बसून कायची परीक्षा? खेळून राह्यली तू!"

मी सोडला नाही. त्याने केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं, तेव्हा चावले. मग त्याने मोबाइलच फरशीवर आपटला. पेपर गेला.

कोरोनात कॉलेज बंद झालं तेव्हा मीच मैत्रिणींना म्हणाले होते, बरं झालं, घरबसल्या पास होऊ. काय मूर्ख मी! हॉलमध्ये माझा पेपर ओढायची कोणाची हिंमत होती?

चूळ भरली तरी तोंडात रक्ताची चव आहेच. वाईट वाटायला हवं ना? नाही वाटत.

आत्ता आई आली. "हात सुजला त्याचा. जा, माफी माग."

"आई, पहिले माह्या डोक्याले हात लावून पाह्य."

तिच्या बोटांना टेंगूळ लागलं. ती उठली, दादाच्या खोलीत गेली. तिकडून त्याच्या थोबाडीत मारल्याचा आवाज आला. मग आणखी एक.