बघण्यासारखं काहीतरी

३ नोव्हेंबर, सोमवार

गोळ्यांचा डबा माझ्या कामाच्या पिशवीत घातला. झोपेच्या, रक्तदाबाच्या, सगळ्याच. घरात नकोत. काल जेवताना हे म्हणाले, "मी नसतो तर तुझं सुटसुटीत झालं असतं." मीठ मागावं इतक्या सहज.

एकतीस वर्षं कारखान्यात लेथवर लोखंड कातत काढलेला माणूस. मार्चमध्ये एका दिवसात राजीनामा. का, तर "कंटाळा आला." तेव्हापासून खिडकीजवळची खुर्ची. बोलणं नाही, बाहेर पडणं नाही, पेपरसुद्धा नाही. मी काय करू? काही म्हणजे काही सुचत नाही.

४ नोव्हेंबर

शेवटी कामावर, ग्रंथालयात, आमच्या बाइंडरजवळ मन मोकळं केलं. पुस्तक शिवता शिवता तो म्हणाला, "ताई, लोखंडाशी झुंजलेल्या माणसाला उपदेश नका करू. लोखंडच दाखवा."

दुपारच्या सुट्टीत तो असलेच व्हिडिओ बघतो. चार चॅनेल लिहून दिले. एक म्हातारा गंजलेली कुलपं उघडून नवी करतो, तोंडातून शब्द काढत नाही. एक बाई जुनी घड्याळं दुरुस्त करते – बोलते फार, पण स्वतःची चूक झाली की लपवत नाही. दोघे भाऊ आगपेटीएवढी वाफेची इंजिनं बनवतात. आणि एक लेथवाला. "तो शेवटी लावा," म्हणाला. "आधी जरा भूक लागू दे."

५ नोव्हेंबर

घड्याळवाली लावून दिली. दहा मिनिटांनी – "बरी आहे." काय आवडलं विचारलं, तर "बरी आहे म्हटलं ना."

७ नोव्हेंबर

इंजिनवाले भाऊ. दोन मिनिटांत मोबाइल उपडा. माझा तोल गेला. "कुठून कुठून शोधून आणते मी, आणि तुम्ही –" पुढचं लिहीत नाही. हे ताटात निम्मं तसंच टाकून उठले. मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

९ नोव्हेंबर, रविवार

धीर धरवला नाही. लेथवाला लावला. मी पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होते. एकदम म्हणाले, "हत्यार बोथट झालंय त्याचं."

टॉवेल हातात धरून मी तशीच उभी. थोड्या वेळाने त्या माणसाने खरोखरच लेथ थांबवलं, हत्यार काढलं आणि धार लावायला घेतली! आठ महिन्यांत यांच्या तोंडून कामाचं पहिलं वाक्य.

१० नोव्हेंबर

बाइंडरला चहा पाजला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज माझी रजा होती.

दुपारी कुलूपवाला लावून दिला आणि तासाभरासाठी ग्रंथालयात जाऊन आले. मोबाइल तसाच डोळ्यांसमोर धरलेला. चप्पल काढता काढता विचारलं, "कसा आहे म्हातारा?"

"छान. हात स्थिर आहे त्याचा."

जवळ गेले. चार्जिंग संपून मोबाइल बंद पडला होता. नुसती काळी काच.

"आता काय करतोय तो?"

"घासतोय."

मी मोबाइल काढून घेतला. यांचे हात तसेच हवेत राहिले. मग एकेक शब्द. डाव्याने काहीच दिसत नाही, उजव्यात धुकं. कामावर मापं चुकायला लागली. "एक दिवस कुणाचा तरी हात गेला असता माझ्यापायी. तुला सांगून काय करणार होतो? आहे ते ओझं थोडं आहे?"

रविवारचं बोथट हत्यार यांना नुसत्या आवाजावरून कळलं होतं.

एका छपराखाली आठ महिने. मी गोळ्या लपवत बसले. यांच्या डोळ्यांत एकदाही नीट पाहिलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काचबिंदू. डावा गेला. उजव्यात थोडं उरलंय. थेंब चुकवले नाहीत तर तेवढं टिकेल, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नक्की टिकेल असं मात्र म्हणाल्या नाहीत.

घरी आल्यावर काय बोलावं ते कळेना, म्हणून सवयीने विचारलं, "कोणता लावू?"

"मोबाइल राहू दे," हे म्हणाले. "तू इकडे ये. अशी उजेडात बस."