सहा सुती

सोमवार, ८ डिसेंबर

भाकरीचा पुन्हा पापड! तव्यावर टाकली, फुगायला लागली — आणि ज्योतीनं मान टाकली. म्हणजे वर सासूबाईंनी — मी त्यांना आत्याबाई म्हणते — गरम पाण्याची तोटी सोडली.

आमच्या विश्रामबागेत दिवाळीला पाईपचा गॅस आला. ओट्यापुरती अर्ध्या इंचाची लाईन. राजवर्धन — म्हणजे आमचे हे — यांनी तिलाच शेपूट जोडून वर सासूबाईंच्या गॅलरीतल्या गिझरपर्यंत नेलं. "एका खर्चात दोन कामं!" झाली खरी. एका वेळी एकच.

गेल्या आठवड्यात मी जिन्यातून ओरडले, "आत्याबाई, आंघोळ चाललीय का अभिषेक?"

वरून उत्तर — "माजं पानी मोजतीस व्हय गं? जाते मी कराडला, लेकीकडं!"

तेव्हापासून अबोला. बॅग भरून जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलीय. रोज एक पायरी खाली येते. धमकी द्यायची ही तऱ्हा बघून आधी हसू आलं. आता पायऱ्या कमी उरल्यात, हसूही.

दर रविवारी पेपरात मी नगरसेवकांना झोडते. त्यांना कधी राग येत नाही. घरच्यांना एका शब्दानं येतो!

बुधवार, १०

फिटर आले. बिराप्पा, जतकडचे. पहिलाच प्रश्न — "वैनी, किती सुती घालायचा पाईप?"

मी माधवनगरची. आमच्याकडे सूत म्हणजे मागावरचं. म्हटलं, "सुती कशाला? लोखंडीच घाला."

बिराप्पांनी पाना खाली ठेवला आणि मनसोक्त हसले. एका इंचाचे आठ सूत म्हणे. अर्धा इंच म्हणजे चार सुती, पाऊण इंच म्हणजे सहा सुती. नेसायचं नाही, हे कळलं.

"आगी किती, लांबी किती, वळणं किती — ही तीन सांगा. पाईप आपोआप ठरतोय," म्हणाले. शेगडी एकटी असेल तर चार सुतीत सुखी. पण गिझर शेगडीपेक्षा कितीतरी जास्त गॅस ओढतो. त्यात तो वरच्या मजल्यावर, वाटेत जिन्याची वळणं. चार सुतीत दोघांचा संसार होत नाही.

राजवर्धन लगेच — "मग सरळ एक इंची टाका! पुढचा विचार नको?" यांना सगळं मोठंच लागतं. टीव्ही, गाडी, वाढदिवसाचा फ्लेक्स.

बिराप्पा — "सायेब, घरात हाटेल काडताय काय? सहा सुती रग्गड झाला."

गुरुवार, ११

वरून निरोप, राजवर्धनमार्फत. "चार सुती बास हाय म्हनावं. माज्यापायी भितीला भोकं नगत."

बॅगेनं जिन्याचं वळण घेतलं.

शुक्रवार, १२

आज ज्योत पडली आणि चक्क बरं वाटलं. म्हणजे उठल्या, आंघोळीला गेल्या, ठीक आहेत. बोलणं बंद, पण शेगडी बातम्या देते.

एक कोडं मात्र सुटेना. आंघोळ उरकली, गॅलरीत लुगडं वाळत पडलं — आणि नंतर ज्योत पुन्हा पडली! दोनदा न्हातात? ओरडायला तोंड उघडलं होतं. मिटलं. अबोला आहे ना!

रविवार, १४

झालं काम. मीटरपासून गिझरपर्यंत सहा सुती, मधून शेगडीला चार सुतीचा फाटा. सांध्यांवर साबणाचा फेस लावून बघितला. एक बुडबुडा नाही. गॅसवाल्यांचा माणूसही तपासून गेला. राजवर्धननी एक इंचीसाठी शेवटचा उसासा टाकला.

सोमवार, १५

ज्योत निळी, ताठ. पहिली भाकरी टम्म. दुसरी टम्म. तिसरीला जाणवलं — आज ज्योत हललीच नाही. चौथी तव्यावर टाकून जिन्यात डोकावले.

बॅग नाही!

पिठाच्या हातांनी वर धावले. आत्याबाई खाटेवर बसून ओले केस पुसत होत्या. बॅग कोपऱ्यात.

"काय गं, पेटलं काय कुटं?"

"बॅग... जिन्यात नव्हती."

"त्या बिराप्पानं ठेवली वर. ‘आज्जे, पाईपाला आडवी येती,’ म्हनला."

"आणि ज्योतही पडली नाही."

"पडू नये म्हनूनच घातला न्हवं पाईप?"

"मला वाटलं, तुम्ही गेलात."

हातातला पंचा थांबला. मग म्हणाल्या, "आता कशी वरडशील गं तू?"

काय बोलल्या, कळलंच नाही. तेवढ्यात खालून करपल्याचा वास. चौथी भाकरी!

मंगळवार, १६

चहाला खाली आल्या. स्वतःहून सांगितलं. "आंगूळ कवाच व्हायची माजी. मग नुसती तोटी सोडायची. दिसभर तू लिवत बसतीस, त्यो हापिसात. म्हनलं, तेवड्यानं तू वरडशील तरी."

"मग त्या दिवशी रागावलात कशाला?"

"अभिषेक म्हनलीस! म्हातारीचा दगूड केलास व्हय?"

बुधवार, १७

ज्योत ताठ. भाकरी टम्म. तव्याखालचा गॅस बंद करून जिन्यात गेले आणि ओरडले, "आवं आत्याबाई, किती वेळ!"

वरून ताबडतोब — "मोज, मोज!"